पयलें बोट, मागीर सही

डॉक्टरांकडे कुणी काहीही मागायला गेलं की ते आधी रक्त मागत. फार नाही, थेंबभर. जत्रेची वर्गणी असो, रजेचा दाखला असो, मुलाच्या दाखल्यावर शिक्का असो, समोरचा माणूस तोंड उघडायच्या आत ते सुई उकळत्या पाण्यातून बाहेर काढून उभे असत. "बस. पयलें बोट, मागीर सही." डाव्या हाताच्या करंगळीजवळच्या बोटाला टोचायचं, थेंब काचपट्टीवर पसरायचा, पट्टी सुकत ठेवायची आणि मग विचारायचं, "हं, काय काम?"

आमचं गाव डिचोलीपासून सायकलच्या अंतरावर. आरोग्य केंद्र म्हणजे कौलारू दोन खोल्या. डॉक्टर पोर्तुगीज अमदानीत पणजीला शिकलेले. सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून मोजायला लागले की अजून "उं, दोयश, त्रेश" असं पुटपुटत. लग्न केलेलं नव्हतं. उंच, वाकलेले, शर्टाच्या खिशात पेन आणि पिशवीत एक पांढरी एनॅमलची पळी. ही पळी घेऊन ते कुणाच्याही परसात शिरत, विहिरीच्या कठड्याजवळच्या टाकीत ती बुडवत आणि वर काढून उन्हात धरत. पांढऱ्यावर डासांच्या अळ्या चटकन दिसतात. बायका हसायच्या. "डॉक्टर, भात पण वाढू काय?" ते मान वर न करता म्हणत, "आमटीत जीव आसा, भात नको."

मी पत्रकांवर वाढले. हे अलंकारिक नाही. माझ्या वडिलांचं पायानं चालवायचं छापखान्याचं यंत्र आमच्या ओटीवर होतं आणि मला अक्षरओळख झाली ती खिळ्यांच्या पेटीतून, उलटी. अमुक उमेदवारास विजयी करा, तमुक मंडळाचा निषेध असो, ही माझी बालगीतं. मोठी झाल्यावर मी स्वतः लिहायला लागले आणि ज्या काळाबद्दल सांगते आहे त्या काळात लिहायला विषय शोधावा लागत नव्हता. गोव्याची राजभाषा कोकणी की मराठी यावर घराघरांत ताटं आपटली जात होती. मी मराठीच्या बाजूची. आमच्या देवळातली आरती, भजन, नाटक, माझ्या आजोबांचं हस्ताक्षर, सगळं मराठी, ते कुणी एका कायद्यानं परकं ठरवावं हे मला मान्य नव्हतं आणि आजही नाही. वडील मात्र दोन्ही बाजूंची पत्रकं छापत. "शाई कोणाची बाजू घेत नाही," म्हणत. मी त्यांच्याशी यावरून कितीदा तरी भांडले.

तर आम्ही चौघं-पाचजण निवेदन घेऊन डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी सगळ्यांची बोटं टोचली, मग निवेदन न वाचताच खाली सही केली. बाहेर आल्यावर कळलं की सकाळीच कोकणीवाले येऊन गेले होते आणि त्यांच्याही निवेदनावर डॉक्टरांची सही होती. मी तशीच उलटी फिरले.

"डॉक्टर, एका माणसाला दोन बाजू नसतात."

"म्हाका एकही ना," ते म्हणाले. "पण तुम्ही दोन्ही पार्ट्यांनी माझं मोठं काम केलंत. सगळे गाव भटकून येता, मिळेल तिथे झोपता, मिळेल तिथे डास चावून घेता. इतकी फिरती माणसं एरवी मला केंद्रावर कोण आणून देणार? आणखी एखादं निवेदन असलं तर आण गो."

त्या सहीला मी आजही सही मानत नाही. माणसाला मत असावं आणि ते त्यानं मोजून द्यावं. पण त्या दिवशी दिलेला माझा थेंब पुढे कुठे गेला ते सांगायचं आहे.

ताप आला की माणूस लगेच दवाखान्यात येत नाही, हे डॉक्टरांचं पहिलं गृहीतक. आधी तो घरात काढा पितो, मग दुकानातून गोळी आणतो, मग देवाला गाऱ्हाणं घालतो, आणि हे सगळं थकलं की डॉक्टर. तोवर ताप चार घरं पुढे गेलेला असतो. म्हणून डॉक्टर तापाच्या आधी पोचायच्या वाटा शोधत. पाव घेऊन येणाऱ्या पदेराची सायकल रस्त्यात अडवून विचारत, "आज पाव, उंडे कोणी घेतले नाहीत? कोणी जास्ती घेतले?" भजनाला जाऊन बसत आणि नजर टाळकऱ्यांवर ठेवत, कोणाची जागा रिकामी आहे. जत्रेतल्या नाटकाला तर ते खुर्ची उलटी फिरवून, रंगमंचाकडे पाठ करून बसत. एका नटानं एकदा रागानं विचारलं, "डॉक्टर, आमचं काम एवढं वाईट?" तर म्हणाले, "तुझं काम पाठ आसा रे. हे लोक काय करतात ते पाठ ना." उकाड्यात शाल गुंडाळून बसलेला माणूस त्यांना तिथे सापडला होता म्हणे.

शाळेचे मास्तर, औषधाचं दुकान चालवणारे काका आणि पदेर या तिघांनी त्यांना रोज निरोप द्यायचा असा हुकूम होता. कोण आजारी आहे ते, आणि कोणी नसेल तर कोणी नाही ते. एकदा मास्तरांकडून निरोप आला नाही. डॉक्टर सायकल मारत शाळेत पोचले आणि भर वर्गात उभे राहिले.

"मास्तर, आज काय कळवलं नाही?"

"कोणी आजारीच नव्हतं, डॉक्टर. कळवू काय?"

"तेच कळवा. पोरं बरी आहेत म्हणून तुम्ही गप्प, की तुम्हीच अंथरूण धरलं म्हणून गप्प, हे मला केंद्रात बसून कसं कळणार?" मग वर्गाकडे वळून, जणू पाढा शिकवावा तसं, "गप्प म्हणजे शून्य नव्हे. म्हणा रे."

पोरांनी म्हटलं. कित्येक दिवस गावात पोरं हे ओरडत फिरत होती.

हे सगळे निरोप जात कुठे, तर केंद्राच्या भिंतीवर. तिथे त्यांनी गावाचा हातानं काढलेला मोठा नकाशा लावला होता आणि त्यावर खुणेसाठी टिकल्या. बायकांच्या कपाळावरच्या, चिकटवायच्या. डिचोलीच्या बाजारात बांगड्यांच्या दुकानात जाऊन ते पाकिटं घेत. दुकानदारीण त्यांना चिडवायची, "डॉक्टर, शेवटी जमलं वाटतं कुठे?" ते शांतपणे म्हणत, "वयनी, मोठ्या नकोत. गाव लहान आहे." लाल टिकली म्हणजे रक्तात मलेरिया सापडला. हिरवी म्हणजे ताप आहे पण रक्त स्वच्छ. पिवळी म्हणजे नुसतं ऐकलं आहे, बोट मिळालेलं नाही. माणूस बरा झाला, पुन्हा रक्त तपासलं, स्वच्छ निघालं, की टिकली निघायची. नकाशावर नाव एकही नव्हतं. टिकली वाड्यावर, म्हणजे वस्तीवर, घरावर नाही. सरपंचभाऊ एकदा चष्मा लावून अगदी जवळ जाऊन बघत होते तर डॉक्टरांनी पळीनं त्यांचा खांदा हलवला. "भाऊ, तिथे माणसं नाहीत, जागा आहेत."

त्या वर्षी गावात शाळेची नवी इमारत उठत होती. जिचा अजून स्लॅबही पडला नव्हता त्या शाळेत कुठली भाषा शिकवावी यावर मी तीन पत्रकं लिहिली होती. बांधकामावर कोल्हापूर आणि बेळगावकडची माणसं होती. आमच्या परसामागेच त्यांची पत्र्यांची शेड, आणि आमच्या कुंपणाला लागूनच सिमेंटला पाणी मारण्यासाठी बांधलेली उघडी टाकी. मंगल नावाची एक बाई आमच्या विहिरीवर पाण्याला यायची, गडहिंग्लजकडची, नवरा गवंडी. बोलायला फटकळ. माझी आई तिला घाटी म्हणाली तर तिनं घागर खाली ठेवून विचारलं, "आन् तुमी काय, खालच्या व्हय?" तेव्हापासून दोघींचं जमलं.

मग शेडवर ताप निघाला. मंगलचा नवरा पहिल्या दोघा-तिघांत. नकाशावर शाळेच्या चौकोनात लाल टिकल्या दिसू लागल्या, आणि त्यांच्या भोवती, आमच्या देऊळवाड्यावर, पिवळ्या. पिवळ्याच. कारण गावातली माणसं बोट देईनात. घाट्यांचा ताप आपल्या घरात आहे हे कबूल कोण करणार? जो तो म्हणे, पित्त झालंय. वाऱ्यानं अंग मोडलंय.

एका सकाळी डॉक्टर आमच्या ओटीवर आले. वडील यंत्राला तेल घालत होते. डॉक्टरांनी मला परसात बोलावलं, कुंपणाकडच्या त्या टाकीजवळ.

"मागे ताप आला होता काय गो तुला?"

आला होता. प्रचारात. कुठल्याशा गावी थंडी वाजली, दुकानातल्या गोळ्या घेतल्या, दोन घेतल्यावर बरं वाटलं, बाकीच्या पिशवीत राहिल्या.

"निवेदनाच्या दिवसाची तुझी पट्टी. ढीग होता, काल तुझ्यापर्यंत पोचलो. सापडला." त्यांनी गोळ्यांची पुडी माझ्या हातात दिली. "उपाशीपोटी घेऊ नको. आणि संपवल्याशिवाय बरी झाले म्हणू नको. नाव माझ्याकडे राहील. सांगायचं तर तू सांग, मी ना सांगणार."

मला ताप नव्हता, काही नव्हतं, आणि रक्तात मात्र होतं. मी पुडी हातात धरून उभी राहिले आणि डॉक्टर टाकीत पळी बुडवून ती उन्हात धरून बघायला लागले. पळीत अळ्या वळवळत होत्या, पाण्याला समांतर, काडीसारख्या. "ह्या बघ, मलेरियाच्या डासाच्या," ते म्हणाले, "ह्यांना वळण वेगळं."

तोपर्यंत सरपंचभाऊंच्या पुढाकारानं गावात ठरत आलं होतं की मजुरांना हाकलायचं. ठेकेदाराच्या मुकादमाला ते हवंच होतं. आजारी माणसं जातील, दुसरी टोळी येईल, काम थांबणार नाही. मी त्या दुपारी पत्रक लिहिलं आणि मथळ्यालाच सगळ्यात जाड खिळे लावले, 'ताप मजुरांनी आणलेला नाही!' कच्चा कागद घेऊन केंद्रावर गेले. मला वाटलं डॉक्टर खूश होतील.

त्यांनी वाचलं. "हे तुला कोणी सांगितलं?"

"सांगायला कशाला हवं? गरीब माणसावर नेहमी हेच लादतात."

"लादतात. खरं आहे. पण पहिली लाल टिकली कुठे आहे?"

शेडवर होती. मला माहीत होतं.

"म्हणजे तुम्ही सरपंचांच्या बाजूचे."

"परत बाजू!" ते पहिल्यांदाच ओरडले. "पहिली टिकली शेडवर आहे कारण मी पहिला शेडवर गेलो. त्यांनी बोटं दिली, तुमच्या लोकांनी दिली नाहीत. जिथे शोधतो तिथे सापडतं. कोणी आणला म्हाका खबर ना. त्यांनी आणला असेल. तू आणला असशील, तुझ्या त्या प्रचारातून. कोणी आणला ते लिहू नको. कुठे वाढतो ते लिही."

"त्यानं कोण पेटून उठणार?"

"पेटून कशाला उठायचं? टाकीवर झाकण घालायचं."

मी कागद घेऊन निघाले. राग आला होता. पण मथळा मी रात्रभर तसा ठेवला नाही, तिथेच रस्त्यात काट मारली. जे मला माहीत नाही ते जाड खिळ्यांत छापायचं नाही, एवढं तत्त्व मलाही होतं.

सभा देवळाच्या सभामंडपात झाली. गावकरी आत, मजूर बाहेर पायऱ्यांशी. सरपंचभाऊंनी सरळ सांगितलं, ही माणसं गेली की ताप जाईल, ट्रक तयार आहे, उद्या सकाळी शेड रिकामी.

मंगल पायरीवरून बोलली. "आमी काय ताप बोचक्यात बांधून आणलाय व्हय? माझा मालक गोळ्या घेतोय. अजून संपल्या न्हाईत. ट्रकात हिसके खात कुटं नेऊ त्याला?"

"गावाक न्या तुमच्या," कोणीतरी म्हणालं.

डॉक्टर उठले. ते भाषण करणारे नव्हतेच. "अर्ध्या गोळ्यांची माणसं हाकलली तर ताप जाणार नाही. फक्त माझ्या नकाशावरून जाईल. पुढच्या कुठल्या गावात उतरेल ते कोणाला कळणार नाही. आणि टाकी इथेच राहणार. टाकीतले डास ट्रकात बसणार नाहीत. ताप ह्या गावातही आहे, भाऊ."

"कोणाच्या घरात?"

"देऊळवाड्यावर."

"कोणाच्या घरात, विचारतोय. नाव घ्या."

"नाव नाही सांगणार."

"बघा," सरपंचभाऊ सभेकडे वळले. "नाव नाही म्हणजे ताप नाही. गावात ज्याच्या घरी ताप असेल त्यानं हात वर करावा."

मी बघत होते. खांबाला टेकून बसलेला माणूस, ज्याची सून आठवडाभर विहिरीवर दिसली नव्हती. समोरच्या रांगेतले दोन भाऊ, ज्यांच्या घरून पदेर पाव परत घेऊन गेला होता. सगळे देवाकडे बघत होते. डॉक्टरांना ती सगळी घरं माहीत होती. दोन नावं घेतली असती तर सभा तिथेच संपली असती. ते खाली बसले. पिशवीतली पळी बाहेर काढून ती रुमालानं पुसत राहिले.

मी उठले.

"माझ्या घरात. माझ्या रक्तात. मी शेडवर कधी गेलेली नाही. हाकलायचं तर ट्रकात पहिली जागा मला द्या. माझं घर कुठे आहे ते सगळ्यांना माहीत आहे."

बायकांच्या बाजूनं आईचा आवाज आला. "बस गो खाली! कोण करील हिच्याशी लग्न?" हशा झाला. त्या हशाबरोबर खांबाजवळचा माणूस खाकरला आणि म्हणाला, "आमच्या सुनेकय येता. थंडी वाजून." मग दोघा भावांतला धाकटा. मग औषधदुकानवाले काका स्वतःबद्दलच बोलायला लागले आणि त्यांना थांबवावं लागलं. सरपंचभाऊ कपाळ पुसत म्हणाले, "मग आता ट्रकात बसवू तरी कोणाकोणाला?"

ट्रक परत गेला. शेड राहिली.

बाहेर पडताना डॉक्टर माझ्याजवळ आले. मला वाटलं, काहीतरी बोलतील. "आजची गोळी घेतलीस?" एवढंच विचारलं. दोन पावलं पुढे जाऊन परत वळले. "भाषण बरं होतं. पण आता लोक म्हणतील, बोट दिलं आणि सापडला तर देवळात उभं राहून बोलावं लागतं. उद्यापासून घराघरांत तू माझ्याबरोबर ये. बोलायचं नाही, फक्त बोट द्यायचं."

मी गेले. त्या फिरतीत मी नवं पत्रकही वाटलं. माझ्या आयुष्यातलं सगळ्यात नीरस पत्रक. त्यात निषेध नव्हता, धिक्कार नव्हता. टाकीला झाकण घाला, साचलेलं पाणी आठवड्यातून एक दिवस पूर्ण उपसा, गोळ्या संपेपर्यंत घ्या. कोकणीवाल्यांनीही ते वाटलं. वडिलांनी एका बाजूला मराठी आणि पाठीमागे कोकणी छापलं, मला न विचारता. मुकादमानं कुरकुरत टाकीवर फळ्या आणि गोणपाट घातलं. पिवळ्या टिकल्यांच्या जागी आधी बऱ्याच लाल आल्या, गाव घाबरलं, डॉक्टर मात्र खूश. "आता दिसतंय," म्हणाले. मग एकेक करून त्या निघत गेल्या.

स्लॅब पडला, शाळा उभी राहिली आणि मंगलची माणसं पुढच्या कामाला फोंड्याला गेली. शाळेच्या चौकोनातल्या शेवटच्या लाल टिकल्या डॉक्टर काढीनात.

"ते गेले की," मी म्हटलं.

"गेले म्हणजे बरे झाले?"

बऱ्याच दिवसांनी एक खडीचा ट्रक केंद्रासमोर थांबला. ड्रायव्हरनं खिडकीतून डोकं काढून हाक मारली. "डॉक्टर कोण? फोंड्याहून मंगलबाईनं सांगितलंय, तिकडं शून्य."

डॉक्टरांनी चष्मा काढला. पुसला. घातला. "रक्त?"

"रक्त कसं आणू? मी खडी आणतो."

गोवा राज्य झाल्याचा आनंद म्हणून पंचायतीनं पेढे वाटले त्या दिवशी सरपंचभाऊंनी डॉक्टरांसाठी खुर्ची राखून ठेवली होती. ती रिकामी राहिली. डॉक्टर काचपट्ट्यांची पेटी मांडीवर घेऊन सकाळच्या बसनं फोंड्याला गेले होते. परत आले, दोन दिवस सूक्ष्मदर्शकावर बसले, आणि शाळेच्या चौकोनातल्या टिकल्या नखानं खरवडून काढल्या.

मग त्यांची बदली पेडण्याला झाली. मी निवेदन लिहिलं, बदली रद्द करा म्हणून. यावेळी दोन्ही बाजूंच्या लोकांनी त्याच एका कागदावर सह्या केल्या, आणि शेवटी मी तो डॉक्टरांकडेच नेला. मला बघायचं होतं काय करतात ते.

"पयलें बोट," ते म्हणाले. "देऊळवाड्यावर एक लाल अजून आहे, गोळ्या संपल्यावरचं रक्त मिळालेलं नाही. तीन वेळा निरोप पाठवला, तुला सभांतून वेळ नाही."

माझीच होती ती. त्यांनी टोचलं, पट्टी रंगवली, डोळा लावला. उं, दोयश, त्रेश. मी बसून राहिले. खूप वेळानं डॉक्टर उठले, नकाशाजवळ गेले, टिकली काढली आणि टेबलाच्या कडेला चिकटवली. मग स्वतःची बदली रद्द करावी अशी मागणी करणाऱ्या निवेदनावर, न वाचता, सही केली.

बदली व्हायची ती झाली. नकाशा ते गुंडाळून घेऊन गेले. नवे डॉक्टर तरुण, मोकळे, केस व्यवस्थित विंचरलेले. पहिल्याच सकाळी मी केंद्रावर गेले आणि त्यांना सांगितलं, आमच्या देऊळवाड्यावर आज कोणी आजारी नाही.

ते जरा गोंधळले. "मग तुम्ही आलात कशाला?"

मी खुर्ची ओढून बसले.